गाढ झोपेची धमनी

बाबांनी संमतीपत्राच्या पहिल्याच ओळीत चूक काढली आणि माझं डोकं फिरलं.

अकराच्या आत सही झाली नाही, तर ऑपरेशनची वेळ दुसऱ्या पेशंटला जाणार होती. मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी वाट चोंदली होती. ‘आता एक दिवसही थांबू नका,’ असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासलेले हे महाशय उशीला टेकून म्हणतात, “‘मानेची नस’ काय? कॅरोटिड धमनी म्हणावं. घे पेन, सुधार.”

मी सुधारलं. काउंटरवरच्या सिस्टरने कागद परत केला. “खाडाखोड चालत नाही. कोरा फॉर्म घ्या.”

दुसऱ्या फॉर्मवर व्याख्यान सुरू झालं. “संस्कृतात ध्मा म्हणजे फुंकणं, त्यावरून धमनी. मेलेल्या माणसात या नळ्या रिकाम्या दिसायच्या. ग्रीकांना वाटलं, आत हवाच असते. आणि कॅरोटिड त्यांच्या गुंगीच्या शब्दावरून. ती दाबली की माणसाला गाढ झोप लागते, असं समजायचे.”

“बाबा, पावणेअकरा झाले!”

“शब्द कळल्याशिवाय सही करू नये. मी सांगतो, तू लिही.”

दातओठ खात लिहिलं. लहानपणी त्यांच्या लाल पेनाला हात लावला की धपाटा मिळायचा. आज तेच पेन माझ्याकडे देऊन मला कारकून केलं होतं. तोही फॉर्म खाडाखोडीपायी परत आला.

तिसरा फॉर्म मी त्यांच्यापुढे आपटला. “आता एक अक्षर बोललात, तर मी चालले घरी. करा सही!”

मी त्यांचा उजवा हात चादरीखालून ओढून त्यात पेन दिलं. ते चादरीवर पडलं. बाबांनी डाव्या हाताने उचलून पुन्हा उजव्या बोटांत बसवलं. पुन्हा पडलं.

“सकाळपासून असंच आहे,” ते खाली बघत म्हणाले. “वाटलं, थोड्या वेळात येईल ताळ्यावर. सही येत नाही, असं कसं सांगायचं गं?”

तासभर मी त्यांच्यावर नुसती चिडत होते. तो हात तासभर चादरीखाली होता, आणि मला दिसला नाही.

“सिस्टर!” मी ओरडले.

मग सगळे धावले. डॉक्टरांनी हात उचलून पाहिला आणि लगेच आत घ्यायला सांगितलं. सिस्टरने शाईचं पॅड पुढे केलं. मी बाबांचा अंगठा धरून शाईत टेकवला. तिसरा फॉर्म कोराच होता, पहिल्या ओळीतल्या छापील चुकीसकट.

“राहू दे नस,” बाबा म्हणाले.