यादीतली एकच मुलगी

डहाणूला जतीनभाईंच्या कॉम्प्युटर ऑफिसात शितल कोड लिहायची. सोमवारी सकाळी तिच्या पाड्यावरच्या हिरूकाकांचा फोन आला. नात बारकीला पोचवायला ते तलासरीच्या मुलींच्या वसतिगृहात गेले होते.

"यादीत नाव नाय म्हणतात. ट्रंक घेऊन फाटकाबाहेर उभे आहोत. बऱ्याच पोरी परत गेल्या."

"काका, तिथून हलू नका."

तिने त्यांच्याच ऑफिसने बनवलेली वसतिगृहाची वेबसाइट उघडली. निवड यादीत एकच नाव. डेटाबेसमध्ये मात्र एक्केचाळीस, आणि त्यात बारकीही. हे पान जतीनभाईंनी ती रजेवर असताना स्वतः लिहिलं होतं. तिने पीएचपीचा कोड वाचला आणि तिचं डोकं तापलं. लूपमध्ये डेटाबेसमधून एकेक ओळ येत होती, पण अ‍ॅरेच्या, म्हणजे त्या ओळी साठवायच्या यादीच्या, नावापुढे रिकामे चौकोनी कंस टाकायचे राहिले होते. त्यामुळे मुली एकीशेजारी एक साठत नव्हत्या. प्रत्येक नवी मुलगी आधीचीला पुसत होती. उरली ती शेवटची.

कंस टाकून तिने पान पुन्हा चढवलं. एक्केचाळीस नावं दिसली. मग वसतिगृहाच्या बाईंना फोन करून बारकीला आत घ्यायला लावलं आणि ती जतीनभाईंच्या टेबलापाशी गेली.

"पान उघडून बघितलं होतं?"

"बघितलं ना. नाव दिसत होतं."

"एक. अख्ख्या वसतिगृहात एक मुलगी?"

"झालं ना आता दुरुस्त? दोन कंसांसाठी एवढं कशाला तापतेस?"

बारकी आणि यादीत दिसलेली ती एक सोडून बाकीच्या एकोणचाळीस मुलींच्या घरच्या नंबरांचा कागद शितलने त्यांच्यापुढे आपटला. "त्या पोरी जीपने घरी चालल्यात. लावा फोन."

"ते वसतिगृहवाल्यांचं काम."

"त्यांनी तुमच्या पानावर विश्वास ठेवला. लावा."

त्यांनी पहिला नंबर लावला. "थोडा टेक्निकल प्रॉब्लेम झाला होता," ते म्हणाले, तेव्हा शितलने फोन हातातून ओढून घेतला.

"काका, प्रॉब्लेम काही नव्हता. आम्ही चुकलो. तुमच्या मुलीची निवड झालीय, तिला परत आणा."

पुढचे सगळे फोन जतीनभाईंनी तिच्याच शब्दांत केले. दुपारपर्यंत तेहतीस घरांचे फोन लागले. सहा नंबर बंद होते.

"उद्या बघू," ते म्हणाले.

शितलने सहा पाड्यांची नावं लिहून कागद त्यांच्या हातात दिला.

"बाइक काढा. मीपण येते."