हात सुटायच्या आत

तुम्हीच लिहिलंत ना ते पत्र? ‘ज्येष्ठांच्या नृत्यगृहात १९८५नंतरची गाणी लावू नयेत, त्यांचा गोंधळ होतो.’ खाली सरकारी शिक्का आहे, नाव नाही. साठी ओलांडली की माणसाचे कान बंद होतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

पांग मिराननं पत्र वाचलं आणि किमचीच्या डब्याखाली घातलं. सोलमधल्या त्या तळघरात ती अकरा वर्षं गाणी लावत होती. रोज दुपारी म्हातारेकोतारे यायचे, कोट टांगायचे, जोडीनं नाचायचे, पाचला घरी जायचे.

हॉलचा मालक नाम जात्याच घाबरट. "मिरानताई, आज तपासणी आहे. एक जरी जोडी फरशीवरून हटली ना, तर उद्या तुझ्या खुर्चीत दुसरं कुणी."

गेल्या आठवड्यात घोळ तिनंच घातला होता. जुनं गाणं पुरतं संपू दिलं आणि मग नवं लावलं. गाणं संपलं की हात सोडायचा, हा तिथला रिवाज. अनोळखी सुरावर सुटलेले हात पुन्हा धरायला कुणी धजलं नाही. फरशी ओस पडली आणि तक्रार वर गेली. गाणं बिचारं चांगलंच होतं.

पण गाणं चालू असताना जोडीदाराचा हात सोडणं? तो तर भर हॉलमध्ये अपमान!

दोन वाजता तपासनीस फाईल घेऊन भिंतीशी उभा राहिला. मिराननं दोन तोंडपाठ गाणी लावली. अख्खा हॉल गायला लागला. तिसऱ्या जुन्या गाण्याचं ध्रुवपद संपायच्या आत, त्याच ठेक्यावर, तिनं खालून नवं गाणं वर आणलं. गेल्याच महिन्यातलं, बुसानच्या एका पोरीचं. हात धरलेलेच राहिले.

ग्वाक आजोबांचं पाऊल अर्धं चुकलं. सिम आजींनी त्यांना ओढलं. "अहो, पाय काय मोजताय, ऐका की!"

"ऐकतोय गं! कोण ही पोरगी? घसा आहे की भट्टी?"

तपासनीस तरातरा आला. "बाई, हे यादीत नाही. बंद करा."

मिराननं बटणावरून हात काढला. "तुम्ही करा. एवढ्या जोड्यांचे हात तुम्हीच सोडवा."

नामचा चेहरा पांढराफटक. तपासनिसानं बटणाकडं पाहिलं, मग फरशीकडं. "मी फक्त वरून आलेलं सांगतोय."

मिराननं माईक उचलला. "आजोबा, या गाण्यानं तुमचा गोंधळ होतो, असं वरून आलंय."

ग्वाक आजोबा आजींचा हात न सोडता नाचत नाचतच तिच्या टेबलापाशी, तपासनिसासमोर आले.

"एकोणऐंशी वर्षांचा आहे मी. मी काय ऐकायचं, हे ठरवणाऱ्याचं नाव काय? गाणं संपायच्या आत सांगा."