हातांचा शॉट

आमच्या कंपनीत गाद्या बनतात आणि त्या गाद्यांचं कौतुक मी लिहायचे. 'पाठीला माया लावणारी गादी' हे वाक्य माझं. ते अजून आमच्या टेम्पोंवर रंगवलेलं आहे आणि पावसापाण्याने त्यातली निम्मी माया उडाली आहे.

मार्केटिंगमध्ये आम्ही तिघंच. सगळ्यात जुनी मी. मग पोपटराव. हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण त्याचं तोंड सकाळी लॅपटॉपबरोबर उघडायचं आणि संध्याकाळी लॅपटॉपबरोबरच बंद व्हायचं. तिसरी छोटी. ती कंत्राटावर होती, माझ्या शेजारी बसायची, माझ्या डब्यातलं खायची आणि अडलं की "ताई, जरा बघता का?" म्हणून खुर्ची सरकवायची. आमच्या डोक्यावर मालकांचे जावई. समोर असले की 'सर', पाठ फिरली की 'जावईबापू'.

या जावईबापूंच्या मनात आलं की व्हिडिओ बाहेरून एडिट करून घ्यायची थेरं आता बंद. आपलीच माणसं तयार करायची. त्यासाठी एक मास्तर बोलावले. बिनखपाच्या गाद्या ठेवायची खोली रिकामी करायची होती, पण गाद्या न्यायच्या कुठे हे कोणालाच सुचेना, म्हणून त्या भिंतीला उभ्या करून मध्ये टेबल, दोन मोठे स्क्रीन आणि कॅमेरा मांडला. आवाज त्या गाद्यांत असा मुरायचा की मास्तर म्हणाले, इतका चांगला स्टुडिओ मी भल्याभल्यांकडे पाहिला नाही. जावईबापू लगेच असे हसले की जणू त्यांनीच तो बांधला होता.

शिकून झाल्यावर तिघांचीही गरज उरणार नाही, एकाला जावं लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. जावईबापूंच्या डोळ्यात मी खुपत होते, हेही जगजाहीर होतं. पण मी निवांत होते. कारण मोठ्या साहेबांनी, म्हणजे मालकांनी, एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "ताई कंपनीच्या पहिल्या दिवसापासून आहेत. त्या स्वतःच्या तोंडाने 'पुरे' म्हणेपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही." मोठे साहेब शब्दाचे पक्के. आणि मी 'पुरे' म्हणणं शक्यच नव्हतं.

का, तेही सांगते. नवऱ्याच्या मागे मी थोरल्या दिरांच्या घरात राहते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दिवसा त्यांच्यापाशी नर्सबाई असायच्या आणि मी घरात पाऊल टाकलं की त्यांची सुट्टी होऊन माझी पाळी सुरू व्हायची. सासूबाई मनाने वाईट नाहीत, असं म्हणायची पद्धत आहे. वाईटच आहेत. चादर बदलताना चिमटे काढतात आणि दीर खोलीत आले की डोळे मिटून कण्हतात. जाऊबाईंना वाटायचं, घरात आपलं माणूस असताना बाहेरची बाई कशाला? त्यांच्या छपराखाली राहून मी त्यांना 'नाही' कोणत्या तोंडाने म्हणणार? माझ्याकडे एकच उत्तर होतं: ऑफिस आहे. ते उत्तर असेपर्यंत दिवस माझा होता. म्हणून माझा जीव त्या ऑफिसात होता, गाद्यांत नव्हे.

मास्तरांची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. पहिल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. त्यांनी आणलेल्या जुन्या व्हिडिओंतलं बोलणं शब्द न् शब्द कागदावर उतरवायचं, एकेका वाक्याची पट्टी कात्रीने कापायची आणि त्या पट्ट्या टेबलावर पुढेमागे करून गोष्ट जुळवायची. "कागदावर जमलं की मशीनवर जमतं," ते म्हणायचे. पोपटरावाच्या पट्ट्या पंख्याने उडायच्या. मला मात्र ते खेळासारखं जमलं. वाक्यांशी माझा जन्माचा संबंध. छोटीला मीच दाखवलं, कुठलं वाक्य आधी घेतलं की माणूस प्रेमळ वाटतो आणि तेच शेवटी नेलं की कसा कावेबाज. माऊस हातात आला तेव्हा माझी त्रेधा उडाली, ती गोष्ट वेगळी.

सरावाला फुटेज हवं, म्हणून प्रत्येकाने खुर्चीत बसून कामाबद्दल बोलायचं ठरलं. पोपटराव सुरू झाला तो आवरेना. छोटी दोन वाक्यं बोलून लाजली. मग मी बसले आणि मला कंठ फुटला. पहिल्या दिवसांतला कारखाना सांगितला. आमच्या गादीचं एक जुनं मॉडेल बंद झालं तेव्हा किती वाईट वाटलं, ते सांगितलं. छोटीकडे बोट दाखवून म्हटलं, "हे मशीनचं काम आता या नव्या मुलींनी करावं, माझ्यापेक्षा चांगलं करतील."

मग घरचा विषय निघाला आणि मी जाऊबाईंची नक्कल केली.

जाऊबाई भांडत नाहीत. त्या डोळ्यांत पाणी आणून हळू आवाजात हवेत बोलतात आणि ते बरोबर माझ्या अंगावर पडतं. मी आधी सांगितलं, "आमच्या जाऊबाईंचं रोजचं पालुपद ऐका." आणि मग अगदी त्यांच्यासारखा गळा दाटून आणून म्हटलं, "आता पुरे झालं. किती करायचं माणसाने? शरीराचं ऐकावं. घरी बसावं. सासूबाईंचा हात हातात घ्यावा. याच्यापेक्षा मोठं समाधान कुठलं?" माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं, इतकी नक्कल साधली. मास्तर पोट धरून हसले. छोटी हसली नाही, तिचं लक्ष कॅमेऱ्याकडे होतं. मी म्हटलं, पोर कामात किती चोख!

पुढचा धडा कट लपवायचा. बोलण्यातला मधला तुकडा काढला की पडद्यावरचं डोकं एकदम उडी मारतं आणि बघणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी कापलंय. त्यावर मास्तरांचा उपाय होता हातांचा शॉट. "उडीवर हात टाका. माणूस हात बघत बसतो, तोवर वाक्य बदलून जातं." शेवटच्या परीक्षेचा नियमही त्यांनी तेव्हाच सांगितला. प्रत्येकाने दुसऱ्या कोणाच्या तरी फुटेजमधून छोटी फिल्म करायची, ती सगळ्या स्टाफसमोर दाखवायची आणि मास्तरांना त्यात कट सापडला नाही तर पास. फिल्म तयार झाली की कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड पुसून परत द्यायचं, कारण कार्डं मोजकीच होती.

मी पोपटराव घेतला. त्याच्या धबधब्यातून मी अशी फिल्म काढली की तो चक्क विचारी माणूस वाटायला लागला. पोपटरावाने छोटीला घेतलं आणि तिच्या दोन वाक्यांच्या मध्ये फिरणाऱ्या चांदण्या घातल्या. छोटी मात्र पडदा ओढून बसायची. एका दुपारी ती कॅमेरा घेऊन माझ्याकडे आली.

"ताई, तुमचे हात शूट करू?"

"माझ्यावर करतेयस होय गं?"

"सरप्राइज आहे. विचारू नका ना."

मला इतका आनंद झाला की सांगायची सोय नाही. मी आयुष्यभर गाद्यांवर लिहिलं, माझ्यावर कोणी कधी काही केलं नव्हतं. मी हातांना क्रीम लावलं. खिडकीचा उजेड कुठून घ्यावा ते तिला मीच सुचवलं. ती म्हणाली, "ताई, जरा बोटं चोळा. आता एक हात दुसऱ्यावर ठेवा. थकल्यासारखा." मी ठेवला. चांगला येईना म्हणून पुन्हा ठेवला.

फिल्म पॅकिंगच्या हॉलमध्ये दाखवली. सगळा स्टाफ जमला होता, मोठे साहेब पुढच्या खुर्चीत. माझ्या फिल्मला माणसं मनापासून हसली. पोपटरावाच्या चांदण्यांना त्याहून जास्त. मग छोटीची लागली.

सुरुवात सुंदर होती. मी, माझे पहिले दिवस, जुना कारखाना. मोठे साहेब मान डोलवत होते. मग पडद्यावर माझे हात आले, बोटं चोळणारे, आणि वरून माझा दाटलेला आवाज: "आता पुरे झालं." परत माझा चेहरा, डोळ्यांत पाणी. "किती करायचं माणसाने? शरीराचं ऐकावं. घरी बसावं." मला वाटलं, आता जाऊबाईंचं नाव येईल आणि हशा पिकेल. नाव आलं नाही. हात आले. "सासूबाईंचा हात हातात घ्यावा. याच्यापेक्षा मोठं समाधान कुठलं?" पुन्हा हात. "आता या नव्या मुलींनी करावं, माझ्यापेक्षा चांगलं करतील." आणि शेवटी, "निरोप घेताना वाईट वाटतंच." ते मी बंद पडलेल्या गादीबद्दल बोलले होते.

पॅकिंगमधल्या बायका डोळे पुसत होत्या. मोठे साहेब उठले.

"ताई, मी शब्द दिला होता. आज तुम्ही स्वतःच्या तोंडाने म्हणालात. आता मी अडवणार नाही."

जावईबापूंनी खुर्चीमागून गुच्छ काढला. तो आधीच आणून ठेवलेला होता.

"साहेब, मी असं म्हटलं नाही," मी म्हणाले.

लोक प्रेमाने हसले. मोठे साहेब म्हणाले, "अहो, आत्ता तर सगळ्यांनी ऐकलं."

"ते जाऊबाई म्हणतात. मी त्यांची नक्कल करत होते."

"कोण जाऊबाई?" कोणीतरी विचारलं. मी सांगत सुटले आणि जितकं सांगावं तितकी मी वेडी दिसायला लागले. मागून एक बाई म्हणाली, "मन तुटतंय बिचारीचं." मी पूर्ण फुटेज लावायला सांगितलं. छोटी म्हणाली, "ताई, कार्ड पुसून दिलं ना. नियमच आहे." मग मी मास्तरांकडे वळले. ते त्या खोलीत होते. पोट धरून हसले होते.

"मास्तर, तुम्ही ऐकलंय. कट कुठे आहेत ते दाखवा यांना."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जावईबापूंनी त्यांना दुसऱ्या कारखान्यातली माणसं शिकवायचं काम देऊ केलं होतं, हे मला नंतर कळलं. ते पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मला तर एकही कट सापडला नाही. पास."

टाळ्या पडल्या. माझ्या हातात गुच्छ होता, त्यामुळे मला कान झाकता आले नाहीत.

छोटीला मी पाण्याच्या नळाशी गाठलं. तिच्या एक मुस्कटात द्यावी इतका संताप आला होता. ती मुळीच घाबरली नाही.

"ताई, त्यात माझा एक शब्द नाही. सगळे तुमचेच आहेत."

"तुला माहीत होतं ते कोणाचं बोलणं आहे."

"सर म्हणाले, हे जमवलंस तर पक्की करतो. तुम्ही माझ्या जागी असतात तर केलं नसतंत?" तिने ग्लास विसळून जागेवर ठेवला. "खरं सांगा, काम कसं झालंय?"

काम चांगलं झालं होतं. हेच मला सहन होत नव्हतं. मी म्हणाले, "शेवटचा हातांचा शॉट जरा लांबलाय."

"हो ना? मलाही तसंच वाटत होतं," ती म्हणाली आणि लगेच जाऊन तो कमी केला. मग फिल्म कंपनीच्या पेजवर टाकली.

मी घरी पोचले तेव्हा जाऊबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला मिठी मारली. मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

"अगं, पुन्हा पुन्हा पाहिला मी तो व्हिडिओ. किती सुंदर बोललीस! अगदी माझ्या मनातलं."

"जाऊबाई, ते तुमचंच बोलणं आहे. मी तुमची नक्कल करत होते."

"चल, काहीतरीच!" त्या लाजल्या. "मला कुठे एवढं छान बोलता येतं? आणि आता मागे फिरू नकोस हं. नर्सबाईंना मी सांगून टाकलंय, उद्यापासून येऊ नका."

मी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. नर्सबाई आपला टॉवेल, थर्मास आणि कंगवा पिशवीत भरत होत्या. मी आत गेले तरी त्यांनी मान वर केली नाही.

"तुम्हाला ऑफिस नकोसं झालं होतं, तर मला आधी सांगायचंत," त्या म्हणाल्या. "दुसरं काम बघून ठेवलं असतं मी. असा एकदम पोटावर पाय देतात का कोणी?"

"नर्सबाई, तुमची शपथ, मी तसं म्हटलं नव्हतं."

"बघितलाय मी. तुमच्या जाऊबाईंनीच दाखवला. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं."

मग त्यांनी सासूबाईंच्या पाठीखाली उशी कशी सरकवायची आणि त्यांना कुशीवर कसं वळवायचं ते मला दाखवलं, एकदाच, आणि चपला घालून निघून गेल्या.