थोरल्या जावयाचा मान

रुसावं तर राधेश्यामनं! शहागडला हायवेवर त्याचं टायरचं दुकान. येणारा-जाणारा ड्रायव्हर त्याला शेठ म्हणायचा आणि तेवढ्यानंच गडी बिघडला होता. लग्नात फेटा ढिला बांधला म्हणून रुसला, बारशाला मागची खुर्ची दिली म्हणून रुसला. त्याची बायको दैवशाला हसून म्हणायची, "यांची समजूत काढायला एक माणूस पगारी ठेवावं लागंल." पण मागच्या धोंड्याच्या महिन्यात तो जो रुसला, त्याच्यावर तिलाही हसता आलं नाही.

धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो. सासुरवाडीचं आवतन येतं. सासू जावयाला पाटावर बसवून त्याचे पाय धुते, कुंकू लावते, पुरण भरून तळलेले धोंडे वाढते. त्या दिवशी जावई म्हणजे देव, मग एरवी तो कसा का असेना. तर आष्टीला सासूबाई आसराबाईंच्या घरी दोन पाट मांडलेले. एकावर राधेश्याम, दुसऱ्यावर पुण्याला कंपनीत असणारा धाकटा जावई आदिनाथ. आसराबाई तांब्या-परात घेऊन आल्या, त्या सरळ आदिनाथापुढं बसल्या आणि त्याचे पाय धुवायला लागल्या.

झालं! राधेश्याम ताडकन उठला. "थोरला कोण, धाकटा कोण, एवढं बी कळत न्हाई का या घरात?" म्हणाला आणि चपला घालून बाहेर. आसराबाई ओल्या हातांनी मागं धावल्या, "अवो जावई, ऐका तरी!" ऐकतोय कसला. दैवशालाला गाडीवर बसवलं आणि वाटेत बजावलं, "तुझ्या आईनं सोता आपल्या दारात येऊन मानानं बोलवल्याबिगर त्या घरात पाय ठेवायचा न्हाई. मी बी न्हाई अन् तू बी न्हाई."

आणि हे कोणाबद्दल? त्याच्या आदल्या वर्षी दुकानात जॅक सटकून याचा पाय चाकाखाली चेंगरला होता, तेव्हा सख्खा भाऊ नाकाला रुमाल लावून दारातूनच परत गेला. आसराबाई मात्र गाठोडं घेऊन शहागडला आल्या आणि हा चालायला लागेपर्यंत हलल्या नाहीत. रोज सकाळी लिंबाच्या पाल्याच्या कोमट पाण्यानं त्याचा पू भरलेला पाय धुवायच्या. ज्या बाईनं हे केलं, तिची एक परात आधी दुसऱ्यापुढं गेली, तर ती परातच याच्या डोळ्यांत एवढी मोठी झाली की बाकीचं काही दिसेना. त्याचा राग येतो आणि कीवही येते.

आसराबाई बोलवायला आल्या नाहीत. "घमेंड हाय म्हातारीला," राधेश्याम म्हणायचा. मेव्हणा गोरक्षनाथ फोन करायचा, "दाजी, आई समदं इसरून राह्यली. परवा दूध गॅसवर ठेवलं अन् शेजारी जाऊन बसली. एकदा भेटून जा." राधेश्याम पुढचं न ऐकताच फोन ठेवून म्हणायचा, "बहाणे हाईत सगळे." आत दैवशालाचं रडणं ऐकू आलं की टीव्हीचा आवाज वाढवायचा. खरं तर त्यालाही जावंसं वाटायचं. एकदा तर आष्टीच्या फाट्यापर्यंत जाऊन आला. पण नाक आडवं आलं.

तीन वर्षं अशीच गेली आणि पुन्हा धोंड्याचा महिना लागला. एका सकाळी दैवशालानं आईला फोन लावला, तर पलीकडून आवाज आला, "कोण बाई बोलून राह्यली?"

"मी दैवशाला, आई."

"दैवशाला शाळेत गेली. आली की सांगते हं."

दैवशालानं फोन ठेवला आणि पिशवी भरली. "मी चालले. यायचं तर या, न्हाई तर बसा तुमचा मान कुरवाळीत." लग्न झाल्यापासून ती असं कधी बोलली नव्हती. राधेश्यामनं गुपचूप शटर ओढलं.

आष्टीला पोचले तेव्हा ऊन कडक होतं. आसराबाई ओसरीत बसल्या होत्या, मांडीवर स्टीलचा डबा. गोरक्षनाथ हळूच म्हणाला, "महिना लागल्यापासून रोज धोंडे करायला लावते, अन् डबा कोणाला शिवू देत न्हाई." दैवशालानं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. आसराबाईंनी परक्या पोरीला थोपटावं तसं तिला थोपटलं. "रडू नको माय. कोणाची गं तू?"

राधेश्याम पुढं झाला. "मामी."

आसराबाईंनी पदर डोक्यावर घेतला. "बसा पाव्हणं. पर मामी म्हणू नका. मामी आमचे थोरले जावई म्हणतेत."

"मामी, मीच राधेश्याम."

त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि हसल्या. "थट्टा करून राह्यले म्हातारीची! आमचे जावई लई रुबाबदार हाईत."

त्यानं हात पुढं केला. "एक धोंडा तरी द्या मला."

"न्हाई बाप्पा," त्यांनी डबा पोटाशी धरला, "हे थोरल्याचे हाईत. तुम्ही चहा घ्या." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "रुसून गेलेत ते. माझंच चुकलं. धाकट्याला बस गाठायची होती, म्हणून त्याचं आधी उरकलं. त्यो पाव्हणाच की. थोरला तर माझा लेक. लेकाचं मागून निवांत करू म्हणलं. मी पळत गेल्ते सांगायला, पर गाडी निघून गेल्ती."

राधेश्याम मटकन खाली बसला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. एवढीशी गोष्ट होती. एवढीशी! त्या दिवशी नुसता मागं वळला असता तर अंगणातच कळली असती. आता कळली, पण सांगणारीला तो कोण हेच माहीत नव्हतं. तीन वर्षं दैवशालाची आई तिला ओळखत होती, आणि ती सगळी वर्षं त्यानं घालवली होती. आसराबाई घाबरून गोरक्षनाथला हाका मारायला लागल्या, "अरे, पाव्हण्याला काय झालं बघ." त्यानं दाजीला उठवून पाणी दिलं.

"कोणतं गाव तुमचं?" आसराबाईंनी विचारलं.

"शहागड."

म्हातारीचा चेहरा उजळला. "अगं बाई, मंग तुम्ही वळखत असताल त्यांना! टायरचं दुकान हाय. त्यांना म्हणावं, म्हातारी वाट बघून राह्यली, जल्दी या. माझं आता काही खरं न्हाई."

राधेश्यामनं दैवशालाकडं पाहिलं. तिनं तोंड फिरवलं.

"सांगतो, मावशी," तो म्हणाला.

"बराबर सांगा," आसराबाई म्हणाल्या, आणि त्याचा हात पोचू नये म्हणून डबा पदराखाली सरकवला.