दोन पाय लांब, दोन आखूड

मित्रांनो, जरा वेळ डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्हाला चार पाय आहेत. त्यांतले दोन लांब आहेत आणि दोन आखूड. सपाट जमिनीवर उभे राहिलात की तुम्ही एका बाजूला कलता. तुमच्यावर ठेवलेली वाटी घरंगळते आणि येणारे-जाणारे हसतात. पण या जगात एक जागा अशी आहे, जिथे तुम्ही अगदी सरळ उभे राहता. आणि नेमक्या त्याच जागेपासून तुम्हाला दूर ठेवले आहे.

आता डोळे उघडा. असा आहे मी. मी डोंग्यातले एक जुने सागवानी टेबल आहे. आमच्या गडचिरोलीकडे लाकडी नावेला डोंगा म्हणतात. इस्तारीभाऊ नावाच्या मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरी, पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, मी उभा असतो. परवा माझे दोन लांब पाय कापायचे ठरले. करवतही आणली गेली. त्या दिवसाचे मी सांगणारच आहे. पण माझे पाय असे का झाले, ते आधी ऐका.

आलापल्लीच्या जंगलात मी सागाचे झाड होतो. नाल्याच्या उतारावर उगवलो, म्हणून उजेडाकडे वाकत वाकत वाढलो. एके वर्षी मला तोडले आणि आरा मशीनवर नेले. ओंडक्याच्या मधल्या सरळ फळ्या दारा-खिडक्यांसाठी गेल्या. मी राहिलो काठाची फळी. माझी एक बाजू करवतीने सरळ कापलेली होती. दुसरी झाडाने दिली तशीच, सालीसकट, पोट काढून वाकलेली. मला भिंतीला टेकवून ठेवले. लोक येत, बघत आणि म्हणत, "हे तर सरपण!" मित्रांनो, मला वाईट वाटायचे. जंगलात उभा होतो तेव्हा खालच्या नाल्याचे पाणी रोज कुठे जाते, एवढेच मला पाहायचे होते. आणि आता मी चुलीत जाणार होतो.

मग एक दिवस देवराव सुतार आले. त्यांच्या हातात बांबूची एक कामटी होती. ती वाकवून दोन टोकांना सुतळी बांधली होती.

"देवरावभाऊ, धनुष्य घेऊन कुठी चाल्ले? शिकार बंद हाय म्हटलं!" मशीनवरचा माणूस हसला.

"तुमच्याच इथी हरीण शोधून राह्यलो," देवराव म्हणाले.

ते एकेका फळीला कामटी लावून पाहत आणि पुढे जात. माझ्या वाकलेल्या कडेला त्यांनी कामटी लावली, तेव्हा मध्ये बोटभरही फट राहिली नाही. "सापडला!" ते ओरडले. "डोंग्याच्या पोटाले याचं पोट बराबर बसते."

ती कामटी त्यांनी इस्तारीभाऊंच्या डोंग्याच्या आतल्या बाजूला दाबून वाकवली होती. डोंग्याला टेबल कशासाठी हवे होते, तेही सांगतो. नदीच्या पलीकडे एक छोटी वस्ती आहे. पावसाळ्यात तिथे सगळा चिखल होई. लहान बाळांना तपासायला जाणाऱ्या जया सिस्टरना वजनकाटा ठेवायला सपाट, कोरडी जागाच मिळत नसे. म्हणून डोंगा पलीकडच्या काठाला बांधायचा आणि त्यातच बाळांचे वजन करायचे, असे ठरले. पण डोंग्याचा तळ बशीसारखा असतो. काटा ठेवला की कलायचा.

देवरावांनी आधी माझी साल सोलून काढली. सालीखाली किडा घर करतो, असे ते म्हणाले. कडेच्या पांढरट लाकडावर त्यांनी बराच वेळ हात फिरवला, पण झाडाने दिलेला वाक तसाच ठेवला. मग ते मला घेऊन पाण्यातल्या डोंग्यात बसले. माझ्यावर त्यांनी पाण्याने भरलेली थाळी ठेवली आणि थाळीतले पाणी सरळ होईपर्यंत एकेका पायाची उंची ठरवली. डोंग्याचा तळ कडेला चढत जातो, म्हणून त्या बाजूचे दोन पाय आखूड झाले आणि मधल्या बाजूचे दोन लांब. लोखंडाचा खिळा त्यांनी एकही मारला नाही, कारण पाण्याजवळ लोखंड गंजते. खाचा पाडल्या, पाय बसवले आणि बांबूच्या खुंट्या ठोकल्या.

आता फक्त तेल लावायचे राहिले होते. "जवसाचं तेल लावा, पातळ हात द्या आणि पुसून घ्या," असे सांगून देवराव घरी गेले. इस्तारीभाऊंच्या पत्नी वच्छलाबाई यांना वाटले, विकतचे जवस कशाला? आपल्या घरी टोरीचे तेल आहे. टोरी म्हणजे मोहाची बी. टाचा फुटल्या की टोरीचे तेल, दिव्यात टोरीचे तेल, भाजीतही तेच. जे अंगाला चांगले ते लाकडाला वाईट कसे असेल? त्यांनी मायेने ओंजळभर तेल माझ्यावर ओतले आणि चोळले. पण मित्रांनो, जवसाचे तेल लाकडात मुरून वाळते. टोरीचे वाळत नाही. दुसऱ्या दिवशी मी चिकट होतो. तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली. धूळ बसली, कोंबडीचे एक पीस येऊन चिकटले.

देवराव आले आणि कपाळावर हात मारून उभे राहिले. "वच्छलाबाई, टेबल व्हय का पुरी? तळूनच काढला तुम्ही याले!"

"आता मले का माहीत, त्याले टोरी पचत नाई म्हणून?" वच्छलाबाई म्हणाल्या, आणि दोघेही हसत सुटले.

गरम पाणी आणि राख घेऊन मला घासले. सावलीत वाळवले. फुटक्या काचेच्या धारेने देवरावांनी माझा वरचा चिकट थर खरवडून काढला. मग जवसाचे तेल आले. एक पातळ हात, पुसणे, वाळू देणे. मग पुन्हा एक हात. घाई नाही. तेलाचा कपडाही त्यांनी चुरगळून कोपऱ्यात टाकला नाही, दोरीवर पसरून वाळवला. "असा बोळा आपोआप पेट घेते," असे त्यांनी दीपिकाला बजावले. दीपिका ही इस्तारीभाऊंची मुलगी. तेव्हा ती नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. माझ्या अंगावरच्या रेषा उजळत गेल्या, तशी ती बोट फिरवत म्हणाली, "बाबा, याच्या पोटात नदीच हाय!"

आणि मग मी डोंग्यात गेलो. माझी वाकलेली कड डोंग्याच्या पोटाला जाऊन टेकली. माझे चारही पाय एकाच वेळी टेकले. मी सरळ उभा राहिलो! खाली, फळीच्या पलीकडे, पाणी बोलत होते. झाड असताना ज्या पाण्याला मी नुसते जाताना पाहायचो, त्याच्याबरोबर आता मीही चाललो होतो.

ती माझी कामाची वर्षे. पलीकडच्या वस्तीतल्या बाया आपली बाळे माझ्यावरच्या काट्यात ठेवत. वस्तीतला चैतू आपला पहिला मुलगा घेऊन आला, तेव्हा इस्तारीभाऊंनी त्याला चिडवले, "चैतूभाऊ, एवढा तर आमच्या जाळ्यात मरळ येते!"

"मरळ रडत नाई न, भाऊ," चैतू म्हणाला. "हा रडला का कोंबडा बी उठते."

पुढच्या खेपेला बाळाचे वजन वाढले होते. चैतू नुसता काट्याकडे बघत राहिला. जया सिस्टर माझ्यावर थाप मारून म्हणत, "हे टेबल नसतं तर मी काय केलं असतं!" मित्रांनो, कौतुक सर्वांनाच आवडते. मलाही आवडायचे.

मग नदीवर पूल झाला. चांगलेच झाले. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे तर आता गाडी येते. जया सिस्टर स्कूटरवरून पलीकडे जातात. हे मला समजते. पण समजले म्हणून ओढ थोडीच संपते? डोंगा काठावर पालथा घातला गेला आणि मी सपरीत आलो. इथे मी पहिल्यांदा वाकडा झालो. माझ्या आखूड पायांखाली विटा सरकवल्या. माझ्यावर खताचे पोते आले, मग पाण्याचा गुंड, म्हणजे मोठा हंडा, आला. गुंडातून सांडलेले पाणी तसेच साचून राही. माझी पांढरी कड काळवंडली. तेलाचा हात मला कुणी देईना. वारा नदीकडून आला की खुंट्यांमध्ये एक बारीक आवाज होई. घरच्यांना वाटे, टेबल जुने झाले. मी तर त्या वाऱ्याला ओ देत होतो.

परवा घरात नवा टीव्ही आला. तो माझ्यावर ठेवला आणि एक वीट सरकली. टीव्ही कलंडला. दीपिकाचा मोठा भाऊ मिथुन धावला, म्हणून वाचला.

"बस झालं!" मिथुन म्हणाला आणि शेजारून करवत घेऊन आला. "याचे लंबे पाय कापून टाकतो. सीधा होऊन जाईन."

"दादा, नको!" दीपिका पुढे आली. ती आता सहावीत आहे. "कापला तर डोंग्यात बसन का तो?"

"डोंगा जाते कुठी आता? पूल झाला न."

"पुरात पुलावरून पाणी जाते, तवा?"

"तवा सरकारची बोट येते. काऊन जीव गुंतवून राह्यली तू त्या टेबलात?"

दीपिकाने वडिलांकडे पाहिले. इस्तारीभाऊ जाळे विणत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "मले नका इचारू," ते म्हणाले. पण त्यांच्या हातातली सुई थांबली होती.

"टीव्ही पडला तर तू भरून देशीन का?" वच्छलाबाई म्हणाल्या. "कापू दे त्याले."

वच्छलाबाईंचे म्हणणेही खोटे नव्हते. दीपिका मान खाली घालून घरात निघून गेली. सर्वांना वाटले, रुसली. मिथुनने टीव्ही उचलून खाली ठेवला आणि माझ्या पायावर कोळशाने खूण केली.

मित्रांनो, त्या वेळी मला बोलता आले असते तर मी एवढेच म्हटले असते. तुमच्या घरातल्या एखाद्या वस्तूवर पाणी साचले असेल तर पुसा. वर्षातून एकदा तिला तेलाचा हात द्या. आणि एखादी वस्तू वाकडी दिसली, तर ती कापण्याआधी विचारा, की ही कुठल्या जागेसाठी अशी केली होती? ती जागा आज नसेल, उद्या असेल. कापलेला पाय मात्र परत लावता येत नाही.

करवतीचे दात माझ्या पायाला लागले. भुसा पडायला अजून सुरुवात झाली नव्हती.

तेवढ्यात दीपिका बाहेर आली. तिच्या हातात तिच्यापेक्षाही उंच अशी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, होती. ती माझ्याजवळ बसली. आखूड पायाखालच्या विटांना वीत लावून तिने पायांतला फरक मोजला आणि तेवढ्या खोलीची खूण सब्बलीवर केली.

"कापाचा काऊन, दादा?" ती म्हणाली. "लंबे पाय जमिनीत घालू. डोंगा निघाला का उपसून घेऊ."

"दीपिके!" वच्छलाबाई ओरडल्या. "आताच सारवली न मी सपरी!"

"मी सारवून देईन, माय," दीपिका म्हणाली. मिथुन करवत हातात धरून उभाच होता. तिने दोन्ही हातांनी सब्बल उचलली आणि त्या ओल्या, गुळगुळीत, शेणाचा वास येणाऱ्या जमिनीत पहिला खड्डा खणायला लागली.