साध्या पाण्यातली मुळे

पेल्यातल्या साध्या पाण्यावर वाढवलेल्या कांद्याच्या मुळांत रामदासला दर शंभर विभाजित होणाऱ्या पेशींमागे एकवीस पेशी तुटक्या गुणसूत्रांच्या आढळल्या. खुशबूच्या साध्या पाण्यात एक. नळ तोच, सूक्ष्मदर्शकही तोच.

सन २००४चा उन्हाळा. मंचरच्या महाविद्यालयात रसायन विभागाने घडवलेल्या नव्या संयुगांची परीक्षा चालू होती. संयुग स्वतः गुणसूत्रे तोडते का, आणि ती तोडणाऱ्या पेरॉक्साइडच्या माऱ्यातून वाचवते का, एवढेच पाहायचे होते. दोघांनी वेगवेगळे मोजायचे. ज्याची नोंद टिकेल, त्याला सरांच्या प्रकल्पातली एकुलती एक जागा.

रामदास पश्चिमेच्या डोंगरातल्या भातखाचरांतून इथवर आला होता. खुशबू बाजारपेठेतल्या पन्नालाल शेठची नात. तिच्या पेल्यांत सातवे संयुग पेशी राखत होते. त्याच्या पेल्यांत सगळेच तुटत होते. त्याने पेल्यांच्या कपाटाला कुलूप घातले. आकडा एकवीसचा बावीस झाला.

"माझ्या पेल्यांना हात लावलास?"

"मी कशाला लावू, रामदासभाऊ?"

"मग पाण्यात काय तुटतंय? पाणी तर एकच व्हतं."

"तेच तर कोडं आहे. घ्या, माझ्या काचपट्ट्या मोजा. चिठ्ठ्या झाकून मोजा."

त्याने दोनदा मोजल्या. चूक सापडावी अशी मनापासून इच्छा होती, सापडली नाही.

"माझे कांदे नेता का? आजोबांच्या गाळ्यात कोंब आलेल्यांचा ढीग पडलाय."

"ती टाकाऊ घाण तुलाच ठेव. म्या अवसरीतनं एक नंबर माल आणलाय."

दुसऱ्या दिवशी तो त्याहून चांगला माल आणायला अवसरी बुद्रुकला गेला. शेतकरी गेणभाऊंच्या कांदाचाळीत कांदे काचेच्या गोट्यांसारखे चमकत होते.

"काय पावणं, एवढ्यात खाऊन संपलं?"

"खायला न्हाई, गेणभाऊ. मुळं फुटवायला. पण लई आखूड येत्यात."

गेणभाऊ खो-खो हसले. "मुळं? आरं राव, त्याला काय बी फुटू नये म्हणून तर काढणीआधी पातीवर औषध मारलंय! दिवाळीपतुर जागचा हलायचा न्हाई. लावायला पायजे व्हता तर बोलायचं व्हतं की!"

"औषधाची पिशवी हाय का?"

आढ्याला खोचलेली पिशवी गेणभाऊंनी काढून दिली. मॅलेइक हायड्राझाइड. हे नाव रामदासला पाठ होते. चाचणी चालते की नाही हे पडताळण्यासाठी गुणसूत्रे मुद्दाम तोडतात. त्या कामाच्या रसायनांच्या यादीत ते वरच होते.

तो रिकाम्या हाताने परतला. प्रयोगशाळेत खुशबू मोजत बसली होती. तिने मान वर केली. त्याने नोंदवही पुढे ओढली आणि एकही अक्षर न खोडता लिहिले:

"माझे सर्व आकडे रद्द. खुशबूचे ग्राह्य. कारण: माझे कांदे कोंब रोखणारे औषध फवारलेले होते, ते औषध गुणसूत्रे तोडते. ते कांदे निवडण्याचे कारण: तिच्या कांद्यांपेक्षा सरस दिसत होते."