भोंगा आणि यादीतलं पहिलं नाव

मित्रांनो, मी हाताने फिरवायचा एक जुना भोंगा आहे. नाशिकच्या गोदाघाटाजवळ पुरावर लक्ष ठेवणाऱ्या एका चौकीत बसलेला असतो. खरं सांगतो, ढग भरून आले की अजून माझं लक्ष आधी नदीकडे जातं.

माझा जन्म इथलाच, सातपूरच्या एका छोट्या वर्कशॉपमधला. पण उमेदीची वर्षं गेली सांगलीत, कृष्णेच्या काठी. तिथे आमच्या गल्लीतल्या कलाबाई पुराच्या वेळी माझी मूठ फिरवायच्या आणि त्यांच्या मैत्रिणी यादी घेऊन गल्लीत शिरायच्या. ज्याला स्वतःहून उठता येत नाही, त्याचं नाव यादीत पहिलं. महापुरात आमच्या गल्लीतलं एकही माणूस मागे राहिलं नाही. लोकांनी मला चक्क हार घातला होता!

पुढे सांगलीत विजेचा भोंगा आला. त्याच सुमारास नाशिकची मंडळी पुराचं काम शिकायला तिथे आली होती, त्यांच्या हवाली मला केलं. कलाबाई स्वतः पोचवायला आल्या. चौकीतल्या दीपकला म्हणाल्या, "याला दर महिन्याला तेल घाला. आणि यादी तेवढी आधी करा."

दीपक हसला. "ताई, नदीपात्रात आमच्या दुतोंड्या मारुतीचा उभा पुतळा आहे ना! पाणी त्याच्या कमरेला लागलं की लोक आपोआप हलतात."

"अहो, तुमचा मारुती पाणी आल्यावर सांगतो. हा यायच्या आधी सांगतो."

दीपकने मान डोलावली आणि मला कपाटामागे सरकवलं. दोन वर्षं ना तेल, ना यादी. बसलो आपला धूळ खात.

गेल्या श्रावणात, एका दुपारी, धरणातून जास्त पाणी सोडल्याचा निरोप आला. दीपकने खिडकीतून पाहिलं. मारुतीच्या नुसत्या पोटऱ्या भिजल्या होत्या. "अजून वेळ आहे," म्हणत त्याने चहा मागवला. माझा जीव टांगणीला लागला. घाटावर दिवे विकणारी लंकाबाई रोज चौकीत पाणी भरायला यायची, म्हणून मला ठाऊक होतं. तिचा नवरा गोरक्ष मांडीचं हाड मोडून खालच्या खोलीत खाटेवर पडला होता. अरे दीपक, ऊठ! पण माझा आवाज दुसऱ्याच्या हातात, ओरडणार कसा?

तेवढ्यात दीपकचा फोन वाजला. टीव्हीवर गोदावरी पाहून कलाबाईंनी लावला होता. "यादीत पहिलं नाव कुणाचं?" एवढंच त्यांनी विचारलं.

दीपकचा चेहरा उतरला. "गोरक्षभाऊ..." म्हणत त्याने मला ओढून बाहेर काढलं. मूठ हलेना. गंजलो होतो मी. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

इतक्यात लंकाबाई धापा टाकत आली. "दीपकभाऊ, पायऱ्या बुडाल्या! मालक लय जड हायेत, मला एकटीला उचलत नाय!" तिच्या टोपलीत दिव्यांच्या तेलाची बाटली होती. दीपकने ती माझ्यात रिकामी केली. एक हिसका, दुसरा, तिसरा, आणि मी जीव खाऊन ओरडलो.

दुकानदार बाहेर आले. सवयीने त्यांनी मारुतीकडे पाहिलं आणि परत आत गेले! दीपकने माझी मूठ लंकाबाईच्या हातात दिली आणि गल्लीत धावला. "रवी! मयूर! पुंजाभाऊ! गोरक्षभाऊंची खाट उचलायचीय, चला!" नावानिशी हाक आली तशी माणसं धावली. लंकाबाई रडत रडत मला फिरवत होती. खाट वर आली तेव्हा पाणी खोलीच्या उंबऱ्याला लागलं होतं. मारुतीची कंबर बुडाली तेव्हा त्या खोलीचं दारसुद्धा दिसत नव्हतं.

आता चौकीच्या भिंतीवर यादी आहे. दर महिन्याला लंकाबाई मला तेल घालते. उद्या मालेगावची माणसं शिकायला येणार आहेत. दीपक त्यांना आधी आपली चूक सांगणार आहे. त्याला लाज वाटते, पण मला वाटतं, तेच सगळ्यात कामाचं आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या भोंग्यांना तेल घाला. पण त्याआधी आज घरी विचारा, आपल्या गल्लीत स्वतःहून उठता न येणारं कोण आहे? ते नाव लिहून ठेवा. मी फक्त ओरडू शकतो. दार ठोठावायला मला हात नाहीत.